तायांगची डावी बाजू

'बुंगा एजा' तानाबेरूच्या किनाऱ्यावर ओढून आणली तेव्हा तिला पाहायला निम्मे गाव जमले होते, आणि जमलेल्यांपैकी बहुतेकांना ती जळणाच्या लायकीची वाटत होती. रंगाचे पापुद्रे सुटलेले, डोलकाठी खोबणीत सैल झालेली, पाण्याच्या रेषेखाली किड्याने पाडलेली बारीक भोके. पस्तीस वर्षे बेटाबेटांतून तांदूळ, नारळ आणि सुकी मासळी वाहून नेणाऱ्या गलबताचे जे होते ते तिचे झाले होते.

गलबते बांधणाऱ्या दाएंग रुम्पाने तिच्याभोवती एक फेरी मारली. दर दोन वितींवर तो लाकडी हातोडीने फळीवर ठोका देई आणि कान लावी. भरीव लाकूड एका सुरात बोलते, किड्याने खाल्लेले घुमते, आणि आत गंजका खिळा असला तर ठोका मध्येच तुटल्यासारखा वाटतो. फेरी पुरी होईपर्यंत त्याचे मत पक्के झाले होते. कणा शाबूत होता. एकोणीस फळ्या गेल्या होत्या. निम्म्या बरगड्या नव्या घालाव्या लागणार होत्या, आणि मागच्या कुणी दुरुस्ती करणाऱ्याने लाकडी खुंट्यांऐवजी ठोकलेले लोखंडी बोल्ट एकूण एक उपसून काढावे लागणार होते.

"जगेल," तो म्हणाला.

गलबताची मालकीण दाएंग कानांग सावलीत पेटाऱ्यावर बसली होती. वय साठीच्या आसपास, उन्हाने रापलेले हात, आणि सेलायार बेटावरच्या बायकांसारखा मोठा, स्पष्ट आवाज. बापामागे तिनेच हा व्यापार चालवला होता, आणि मालाबरोबर ती स्वतः फिरत असे. तिने आपली अट आधीच सांगून ठेवली होती. नवे गलबत हवे असते तर ती रुम्पाकडे आलीच नसती. तिला हेच हवे होते, फक्त डावीकडून गळायचे थांबलेले.

शेजारच्या छपराखाली हाजी बाद्दूचे काम चाले. पर्यटकांसाठी खोल्या-खिडक्यांची मोठी जहाजे तो बांधून देत असे. तोही पाहायला आला होता. "रुम्पा, ही तायांगची डावी आहे," तो हसत म्हणाला. "तायांगलाच जमली नाही, तर तू काय करणार?"

माणसे हसली. बाद्दूच्या मनात वाईट नव्हते, कारण तानाबेरूत ही बोलण्याची रीतच झाली होती. दिसायला ठाकठीक पण कामाला दगा देणारी कुठलीही वस्तू म्हणजे 'तायांगची डावी'. अडकणारे दार, न कमावणारा जावई, दुपारीच विझणारी चूल. रुम्पाच्या स्वतःच्या नातीने एकदा गळक्या बादलीला तेच म्हटले होते. ते आपल्या पणजोबाचे नाव आहे हे तिला ठाऊक नव्हते, आणि रुम्पाने तिला सांगितलेही नव्हते.

दाएंग तायांगने आयुष्यात चाळीसच्या वर गलबते बांधली. त्यातले हे शेवटचे मोठे. पाण्यात उतरल्यापासून वर्षाच्या आतच त्याची डावी बाजू गळू लागली. फटींत साल ठोकली, चुना आणि खोबरेल मळून लेप दिला, तरी पुढच्या मोसमात तीच फट पुन्हा उघडे. कानांगच्या बापाने तायांगशी बोलणे टाकले. मोठी कामे दुसऱ्यांकडे गेली. सात वर्षांनी तायांग वारला तेव्हा तो गावातल्या मासेमाऱ्यांच्या लहान होड्या दुरुस्त करत असे. रुम्पा पुढे स्वतः पान्रिता झाला, कण्यावर पहिला घाव घालण्याचा मान असलेला जाणता कारागीर. पण बापाच्या नावाची ती थट्टा त्याच्या कानावर रोज पडत राहिली. चूक बापाची असणे शक्य नाही अशी त्याची खात्री होती. लाकडात खोट असेल, नाहीतर नंतरच्या लोखंडाने घात केला असेल.

म्हणून त्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर शब्द दिला. "डावी बाजू का गळते ते मी शोधीन, आणि सापडलं की इथंच, तुमच्या सगळ्यांसमोर उघडं करून दाखवीन. मग तायांगचं नाव कशाला द्यायचं ते ठरवा."

पश्चिमेचे वारे सुटले आणि काम सुरू झाले. जुने गलबत पुन्हा बांधणे हे नवे बांधण्यापेक्षा अवघड काम आहे, हे त्याने आपल्या चार कामगारांना पहिल्याच दिवशी बजावले. इथली गलबते आधी कवच आणि मग बरगड्या अशी उभी राहतात. फळीला फळी खुंट्यांनी जखडलेली असते आणि सगळा डोलारा एकमेकांच्या आधाराने तगतो. एका वेळी दोन फळ्या काढल्या की बाकीचे कवच टोपलीच्या कडेसारखे उसवते. म्हणून गलबताला दोन्ही अंगांनी टेकू दिले, आतून दोर आवळले, आणि एक फळी काढायची, तिच्या जागी नवी बसवायची, मगच दुसरीला हात लावायचा असा नेम ठेवला. खुंट्या पोलादासारख्या टणक लाकडाच्या होत्या. त्या इतक्या घट्ट बसल्या होत्या की एकेक काढायला सकाळ जाई, आणि तुटली तर उरलेली कोरून काढायला दुपार.

लाकूड मिळणे त्याहून कठीण. बित्तीच्या झाडाची लांब, जन्मजात वाकलेली खोडे आता डोंगरात फार आत गेल्याशिवाय मिळत नव्हती. रुम्पा स्वतः तीनदा जाऊन आला. खोडे किनाऱ्यावर आली की प्रत्येक फळी त्याच्या देखरेखीखाली प्रवाळाच्या आडोशाच्या संथ पाण्यात सोडली जाई. झाड उभे असते तसेच ते गलबतात आडवे पडले पाहिजे: बुडखा मागे, शेंडा पुढे. बुडख्याकडचे लाकूड जड असते. ते पाण्यात दोन बोटे खाली बसते. ते टोक ओळखले की पटाशीने त्यावर सरळ खाच पाडायची, ही किनाऱ्याची खूण. डोंगरातले लाकूडतोडेही खूण करतात, पण ते कुऱ्हाडीने तिरपी खाच पाडतात, आणि ती शेंड्याला पाडतात, तोड जिथे संपली तिथे. त्यांची खूण कधी धरायची नाही, पाण्यालाच विचारायचे, हे तानाबेरूत काम शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यातच कळते.

महिनाभरात उजवी बाजू सरळ झाली. कानांग रोज सकाळी येई, तळलेली केळी कामगारांत वाटी, आणि पुन्हा पुन्हा तेच विचारी, की डावीला कधी हात लावणार. रुम्पा शांतपणे सांगे की डावीला तो शेवटी हात लावील, कारण तिच्याशी त्याला सावकाश बोलायचे आहे. याच सुमारास हाजी बाद्दूने आपल्या नव्या मोठ्या जहाजाच्या कण्यावर पहिला घाव रुम्पाने घालावा असा निरोप पाठवला. मालक जकार्ताचा होता. असा मान तायांगला शेवटच्या सात वर्षांत एकदाही मिळाला नव्हता. रुम्पाने होकार कळवला.

डाव्या बाजूची तिसरी फळी त्याने शुक्रवारी उघडली. कामगार नमाजाला गेले होते. तो मात्र त्या दिवशी मागेच थांबला होता. आतल्या बाजूने, मागच्या टोकाशी, त्याला एक वेगळीच गोष्ट दिसली. तळहाताएवढा एक पातळ लाकडी तुकडा फळीवर बसवलेला होता, चार षट्कोनी खुंट्यांनी, आणि खुंट्या किंचित तिरप्या मारलेल्या. तशा खुंट्या एकटा तायांगच मारत असे. रुम्पाला आनंद झाला. बापानेही इथेच रोग ओळखला होता तर. पण तुकड्याच्या खाली ना फट होती, ना भोक. गळतीची जागा तिथून दोन हात पुढे होती. मग ठिगळ कशाला?

त्याने चार खुंट्या काढल्या आणि तुकडा उचलला. खाली फळीवर कुऱ्हाडीची तिरपी खाच होती.

त्याने खाचेवरून अंगठा फिरवला. मग फळीच्या दुसऱ्या टोकाशी गेला, लेप खरवडला, काठ बोटांनी चाचपला. पटाशीची खाच कुठेच नव्हती. ही फळी पाण्यात कधी सोडलीच गेली नव्हती. डोंगरातल्या माणसाने शेंड्याला केलेली खूण कुणीतरी बुडख्याची समजून घेतली होती, आणि शेंडा मागे, बुडखा पुढे अशी फळी बसली होती. वरच्या-खालच्या फळ्या पाणी पिऊन फुगत तेव्हा ही एका टोकाला त्यांच्याहून जास्त फुगे आणि दुसऱ्याला कमी, आणि मधली फट दर मोसमात उघडे.

त्या वर्षी फळ्या तपासायचे काम रुम्पाचे होते. तो सत्तावीस वर्षांचा होता, नुकते लग्न झालेले, आणि बापाने त्याला पहिल्यांदाच एवढी जबाबदारी दिलेली. त्याला तो दिवसही आठवला. ओहोटी लागून पाणी दूर गेले होते, फळी बसवायची धरलेली वेळ टळत होती, आणि वरून बाप फळी मागत होता. खूण दिसली, त्याने फळी दिली. एवढेच. आणि वर्षाने गलबत गळके म्हणून परत आले तेव्हा तायांग एकटाच आत उतरला होता, अर्धा दिवस आत होता, आणि वर येऊन म्हणाला होता, "कारण माझ्याच हाताला लागलं नाही." त्याच महिन्यात रुम्पाला पहिले स्वतंत्र काम मिळाले होते.

घरी जेवताना त्याने बायकोला, जुमारियाला, सगळे सांगितले. ती त्याच्याबरोबर पस्तीस वर्षे राहिलेली बाई होती. तिने ताटात आणखी मासा वाढला आणि विचारले की दुसऱ्या कुणाला कळेल का. तो म्हणाला की फळी चुलीत घातली तर कुणालाच कळणार नाही. नवी फळी बसेल, गळती थांबेल, आणि गाव म्हणेल की बापाला जमले नाही ते मुलाने केले.

"आणि ते तुला चालेल?" तिने विचारले.

"चालत असतं तर तुला सांगितलं नसतं."

"मग मला कशाला विचारतोस, दाएंग? जेव. मासा थंड होतोय."

पण ओली फळी पाण्यात काही सांगत नाही. तिला वाळवायला हवी होती. रुम्पाने ती छपराखाली आडवी टांगली, उन्हापासून दूर, आणि तीन आठवडे थांबला. येणारे-जाणारे विचारत, आणि तो सांगे की फळी वाळली की तिसऱ्या शुक्रवारी दाखवीन. बाद्दूच्या कण्याचा मुहूर्त त्याच्या दोन दिवस आधीचा होता. रुम्पा त्याच्याकडे गेला आणि मुहूर्त शुक्रवारनंतर धर म्हणाला. बाद्दूला कारण कळेना. त्याने दोनदा विचारले, आणि दोन्ही वेळा रुम्पाने तेच उत्तर दिले, की कारण शुक्रवारी पाण्यात दिसेल. बाद्दू कुरकुरला, पण त्याने मुहूर्त पुढे ढकलला. मधल्या दिवसांत रुम्पाने गलबतातल्या स्वतः तपासलेल्या सगळ्या फळ्या शोधून काढल्या. या फळीखेरीज अकरा होत्या.

शुक्रवारी नमाज झाल्यावर माणसे सरळ किनाऱ्यावर आली. रुम्पाने फळीच्या दोन्ही टोकांचे सांध्याचे भाग सारखे कापून टाकले होते, म्हणजे आकाराचा फरक कुणी काढू नये. चौघांनी ती उचलून आडोशाच्या पाण्यात नेली. कानांग गुडघाभर पाण्यात उभी राहिली. बाद्दू लुंगी सावरत काठावर थांबला.

"ही डाव्या बाजूची तिसरी," रुम्पा म्हणाला. "हे तिरप्या खाचेचं टोक मागं होतं. मागं बुडखा असायला हवा. आता बघा."

फळी सोडली. ती थोडी डुलली आणि स्थिर झाली. तिरप्या खाचेचे टोक वर आले. पुढचे टोक पाण्यात दोन बोटे खाली गेले आणि तिथेच राहिले.

एक म्हातारा साल ठोकणारा कारागीर हळूच म्हणाला, "उलटी." मग तोच शब्द मागून दोघा-तिघांनी म्हटला.

"म्हणजे खरंच तायांगची डावी," बाद्दू म्हणाला. यावेळी तो हसत नव्हता. "एवढ्या मोठ्या माणसानं फळी उलटी लावली."

रुम्पाला हे होणार याची कल्पना होती. "फळी त्यानं लावली," तो म्हणाला. "पाण्यात तपासायची माझ्याकडं होती. मी तपासली नाही, डोंगरातली खूण आपली समजून दिली. त्याला वर्षानं कळलं. त्यानं खुणेवर तुकडा ठोकून ती झाकली, आणि तुम्ही जे काही बोललात ते मरेपर्यंत ऐकून घेतलं. तुकडा तिथं ठेवलाय. खुंट्या कुणाच्या ते तुम्ही ओळखाल."

म्हाताऱ्या कारागिराने तुकडा हातात घेतला, खुंट्यांची भोके पाहिली आणि मान हलवली. फळी पाण्यात तशीच तिरकी पडून होती.

पहिली बोलली ती कानांग. "पस्तीस वर्षं मी त्या बाजूचं पाणी उपसलंय, रुम्पा." मानाचे 'दाएंग' म्हणायचे तिने टाळले होते. "माझा बाप तुझ्या बापाच्या मयतालाही आला नाही."

"माहीत आहे."

"तुझ्या हातून गेलेल्या आणखी किती आहेत हिच्यात?"

"अकरा. अकराही बघितल्या."

"बघितल्या म्हणजे पाण्यात घातल्या, का नुसत्या खुणा बघितल्या?"

कामगारांपैकी एकाने तोंडावर हात ठेवला. रुम्पाने मात्र सरळ उत्तर दिले. चार काढलेल्या होत्या, त्या पाण्यात घातल्या. सात जागेवर आहेत, त्यांच्या खुणा पाहिल्या. "सातही खाचा पटाशीच्या आहेत. सरळ."

"मला दाखव," कानांग म्हणाली.

दोघे गलबताच्या पोटात उतरले. सातही ठिकाणी तिने कंदील जवळ धरायला लावला, लेप खरवडायला लावला आणि प्रत्येक खाचेत स्वतःचे बोट घालून पाहिले. शेवटच्या खाचेनंतर ती बरगडीवर टेकून बसली. रुम्पा उभाच राहिला. तिने रागाने काही म्हटले असते तर त्याने ते ऐकून घेतले असते. त्याची तयारी होती. पण ती म्हणाली ते एवढेच, की नवी फळी पाण्यात सोडताना ती स्वतः हजर राहील आणि खाच तिच्या डोळ्यांदेखत पडली पाहिजे.

"पटाशी तुम्हीच धरा," रुम्पा म्हणाला. आणि ती तिनेच धरली.

हाजी बाद्दू दोन दिवसांनी आला. बराच वेळ तो पावसाबद्दल आणि लाकडाच्या टंचाईबद्दल बोलला. मग म्हणाला की त्याचे स्वतःचे काही म्हणणे नाही, पण जकार्ताच्या मालकाच्या कानावर कुणीतरी गोष्ट घातली आहे, आणि ही शहरी माणसे अशा बाबतीत हळवी असतात. कण्यावरचा घाव आता दुसरा कुणी घालील.

"ठीक आहे, हाजी," रुम्पा म्हणाला. त्याला वाईट वाटले, आणि ते त्याने लपवले नाही. पण रंधा खाली न ठेवताच तो पुढे म्हणाला, "जो कुणी येईल त्याला सांग, तुझं कण्याचं लाकूड उजवीकडं पीळ घेतंय. पुढच्या टोकापासून चार हातांवर. आत्ता दिसत नाही, तीन महिन्यांनी दिसेल."

बाद्दू आपल्या छपराकडे वळला, आणि थोड्या वेळाने तो कण्याशी वाकून, एक डोळा मिटून पाहताना दिसला.

नवी फळी आगीच्या धगीवर हळूहळू वाकवली गेली. पहिल्यांदा बसवताना मधोमध एक बोटभर जागा राहिली, दुसऱ्यांदा केसाएवढी, आणि तिसऱ्यांदा ती बसली तेव्हा रुम्पाने सांध्यावरून नख फिरवले आणि ते कुठेच अडकले नाही. एप्रिलच्या मोठ्या भरतीला गाव दोराला लागले. बेंबी, म्हणजे पहिल्यांदा पाण्यात सोडताना कण्यात पाडतात ते लहान भोक, जुनीच होती, ती दुसऱ्यांदा पाडायची नसते. रुम्पाने त्या जागेवर फक्त हात ठेवून बिस्मिल्ला म्हटले. 'बुंगा एजा' ओंडक्यांवरून घसरत पाण्यात गेली आणि एका कुशीवर न कलता उभी राहिली. दोर ओढणाऱ्यांत कुणीतरी सवयीने 'तायांगची डावी' म्हणाले, आणि शेजारच्याने त्याला कोपराने ढोसले. तो शब्द एका दिवसात जाणार नव्हता. रुम्पाला त्याची घाई नव्हती.

ओढणे संपल्यावर कानांग दिसेना. ती टेकडीवरच्या कबरस्तानाकडे गेली असे कुणीतरी सांगितले. अर्ध्या तासाने ती परत आली तेव्हा तिच्या चपलांना तांबडी माती लागली होती. ती सरळ गलबतावर चढली आणि पोटात उतरली. रुम्पा आधीच तिथे होता. डावी बाजू त्याने टोकापासून टोकापर्यंत हाताने चाचपली होती. तळहात कोरडा होता.

उजवीकडे मात्र, वरून चौथ्या फळीखाली, पाण्याचा एक मणी फुटत होता. तो गळला, आणि त्याच्या जागी दुसरा आला. कानांगने तो पाहिला. ती फळी कुणाच्या हातची हे दोघांनाही ठाऊक होते. ती बदललेल्या एकोणीस फळ्यांतली नव्हती. जुनी फळी, तायांगने स्वतः तपासलेली आणि स्वतः बसवलेली.

"हे कुणाचं?" तिने विचारले.

"कुणाचंच नाही. चार महिने कोरड्यावर होती. परवापर्यंत लाकूड फुगेल, थांबेल."

कानांगने त्याच्याकडे क्षणभर पाहिले. मग जिन्याशी गेली आणि वर तोंड करून आपल्या माणसांना ओरडून सांगितले की तांदूळ आणायला सुरुवात करा. इतकी वर्षे डावीकडे फक्त नारळ भरत असत, कारण नारळाला पाण्याची भीती नसते. पहिले पोते खाली आले तेव्हा खलाशी सवयीने उजवीकडे वळला.

"तिकडं नको," ती म्हणाली. "डावीकडं लाव. दाएंग, जरा बाजूला हो."

रुम्पा बाजूला झाला.